बुलेट खुशाल काळी करा, साडीगार्ड मात्र काढू नका

आधीच सांगतो राजेहो, पोस्ट लांबली आहे. घाई असेल त्यांनी वरची एक ओळ वाचून पुढे गेलं तरी चालेल. पण ज्यांच्या घरी बुलेट आहे आणि तिच्यावर मागे बसणारी आई, बहीण, बायको, मावशी कुणी आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावं. चहा घेऊन बसा.

संध्याकाळी सहानंतर धाडच्या बस स्टँडवर थोडा वेळ उभे राहा. आठ-दहा बुलेट हमखास दिसतील. (रॉयल एनफिल्डची कुठलीही गाडी असो, नाहीतर बजाजची ॲव्हेंजर असो, आपल्याकडे लोक सगळ्यांनाच बुलेट म्हणतात. मीही तसंच लिहितो, जाणकारांनी कमेंटमध्ये मॉडेल दुरुस्त करायला येऊ नये.) काही वर्षांपूर्वी ह्या गाड्या लग्नातल्या नवरदेवासारख्या चमकायच्या. सायलेन्सर, हँडल, आरसे, मडगार्ड, सगळं क्रोम. पोरं केस विंचरायला टाकीत बघायची. आता तीच पोरं त्याच गाडीवरचं सगळं क्रोम काढून काळं बसवतात. हँडल काळं, सायलेन्सर काळा, रिम काळ्या, इंजिनचं कव्हर काळं, आरसे काळे नाहीतर गायब. पिशवी बांधायचं कॅरिअर काळं. विचारलं तर म्हणतात, "भाऊ, टूरिंगची गाडी हाय, लेह-लडाखचा लूक दिला." लेहला अजून कुणी गेलं नाही. लोणारच्या सरोवरापर्यंत गेले, अजिंठ्याच्या घाटापर्यंत गेले, सैलानीच्या यात्रेत ताफा नेऊन आले. चांगलं आहे. तरुण पोरांनी फिरावं.

मला काळ्या रंगाचं वावडं नाही. आपण काळ्या रानातली माणसं आहोत. क्रोमची पोरांना कटकट होते हेही मला समजतं. आपल्या रस्त्यांवरच्या धुळीत क्रोम रोज पुसावं लागतं, पहिल्या पावसात चिखल उडाला की डाग धरतं, दोन पावसाळे गेले की फुलासारखा गंज येतो. गाडी काळी केली की तिच्यावरची आपली काळी माती दिसत नाही, एवढा एक फायदा तर मलाही पटतो. आणि हे काही आपल्या पोरांनी गॅरेजमध्ये लावलेलं खूळ नाही. कंपन्यांनीच हा बाजार उभा केला. अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने २००९ मध्ये आयर्न ८८३ नावाची जवळजवळ सगळी काळी गाडी काढली. आपल्या पुण्याच्या बजाजने २०१५ मध्ये ॲव्हेंजर दोन तऱ्हेने विकायला काढली, क्रुझ घेतली तर क्रोम, स्ट्रीट घेतली तर काळी. इंजिन तेच. रॉयल एनफिल्डने २०१८ मध्ये थंडरबर्ड एक्स आणली, मग २०२० मध्ये मिटिऑर आणली, त्यात फायरबॉल नावाच्या गाडीला काळे भाग, आणि सुपरनोव्हाला क्रोम. म्हणजे ज्याला काळी पाहिजे त्याला कंपनी काळी देते, रीतसर, वॉरंटीसकट.

कंपनीच्या काळ्या गाडीत आणि आपल्या गॅरेजमधल्या काळ्या गाडीत फरक काय, तो बघा. कंपनी भाग काळा करून देते. गॅरेजवाला भाग काढून टाकतो. तुम्ही म्हणाल रंगाचं काम आहे, पण क्रोमवर रंग सहजासहजी धरत नाही. क्रोम म्हणजे लोखंडावर आधी निकेलचा थर आणि त्यावर क्रोमियमचा अगदी पातळ पापुद्रा, मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही पातळ. त्याच्या गुळगुळीत अंगावर साधा स्प्रे मारला तर दोन महिन्यांत पोपडे निघतात. नीट करायचं तर भाग खोलायचा, क्रोम उतरवायचं, घासायचं, पावडर मारायची आणि १८० ते २०० अंश सेल्सियसच्या भट्टीत भाजायचं. ह्याला पावडर कोटिंग म्हणतात. त्याला पैसे लागतात, शहरात भाग पाठवावा लागतो, चार दिवस गाडी उभी राहते. मग सोपा मार्ग काय? जे भाग नसले तरी गाडी चालते, ते काढूनच टाकायचे. क्रोमही गेलं, खर्चही वाचला, वरून "क्लीन लूक" आला.

सगळ्यात आधी कोणता भाग निघतो? साडीगार्ड.

मागच्या चाकाच्या डाव्या बाजूला ती जाळी असते, नळ्यांची नाहीतर पट्ट्यांची. क्रोमची चकचकीत. काळ्या गाडीवर ती उठून दिसते म्हणून पोरांच्या डोळ्यात खुपते. चार बोल्ट काढले की निघाली. गॅरेजमध्ये तिला नाव आहे, "लेडीज आयटम". मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

आता घरचं सांगतो. सांगू की नको असा विचार आठवडाभर केला. माझी थोरली बहीण भोकरदनच्या बाजूला दिलेली. आमच्याकडे बारशाला यायचं म्हणून तिचा पोरगा, माझा भाचा, तिला बुलेटवर घेऊन निघाला. बस होती, पण पोराला गाडी दाखवायची होती. अक्का नेहमीसारखी डाव्या बाजूला दोन्ही पाय सोडून बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत बाळाचं झबलं आणि गूळ-खोबरं. पदर खांद्यावरून मोकळा. धाडच्या अलीकडे एक गतिरोधक आहे, तिथे पोराने गाडी हळू केली. अक्का सावरायला पुढे झुकली, पदर मागे गेला आणि चाकाच्या तारांत शिरला. गाडी अगदी चालण्याच्या वेगात होती म्हणून निभावलं. मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले, अर्ध पातळ चाकाच्या तारांभोवती दोरखंडासारखं गुंडाळलं गेलं, ते विळ्याने कापून काढावं लागलं. पदर तिने गळ्याभोवती घेतला असता तर मी आज ही पोस्ट लिहीत नसतो, दुसरं काहीतरी लिहीत असतो.

दवाखान्यात भाचा भिंतीला टेकून उभा होता. रडून डोळे लाल झालेले. मी विचारलं, "गार्ड कुठं आहे रे?" तो म्हणाला, "मामा, कव्हाचं काढलं ते. काळ्या गाडीवर लई बेकार दिसत होतं."

मला राग आला. एक थोबाडीत द्यावी असं वाटलं. पण त्याच्या पुढच्या वाक्याने माझा हात खाली आला. तो म्हणाला, "मामा, तुमचीच बातमी वाचून त्या गॅरेजवर गेलो होतो."

खरं आहे. दोन वर्षांपूर्वी मीच ती बातमी केली होती. पुरवणीत अर्धा पान, फोटोसकट. आठ काळ्या बुलेट रांगेत, समोर गॉगल लावलेली पोरं, आणि मथळा असा दिला होता की आज वाचताना लाज वाटते. त्या दिवशी मला गॅरेजवाल्याकडून वर्धापनदिनाची जाहिरात मिळाली होती, हेही लपवत नाही. तो कागद लॅमिनेट करून गॅरेजच्या भिंतीवर टांगलेला आहे. मी पत्रकारितेची पदविका घेतली तेव्हा आम्हाला शिकवलं होतं की फोटोत काय आहे त्यापेक्षा काय नाही ते आधी बघायचं. आठही गाड्यांच्या मागच्या चाकांवर गार्ड नव्हतं. फोटो मीच काढला होता. मला दिसलं नाही.

म्हणून ही पोस्ट. कुणावर दगड मारायच्या आधी स्वतःच्या काचा मोजून घेतल्या आहेत.

आता कायद्याचं बोलू, कारण कमेंटमध्ये "गाडी आमची, पैसा आमचा, तुमच्या पोटात का दुखतं" असं लिहिणारे येणारच. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे. ज्या मोटारसायकलवर मागे माणूस बसायची सोय आहे, तिला तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: मागच्याला धरायला कायमची मूठ, पाय ठेवायला पायदान, आणि मागच्या चाकाचा निम्म्याहून कमी नाही इतका भाग झाकणारं संरक्षण, कशासाठी, तर मागे बसलेल्या माणसाचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. नियमात साडी हा शब्दही नाही, कपडे म्हटलं आहे. ओढणी आली, उपरणं आलं, धोतराचा सोगा आला, पावसाळ्यातला रेनकोटही आला. तेव्हा "लेडीज आयटम" म्हणणाऱ्यांनी आपले आजोबा धोतर नेसत होते हे आठवावं.

आणि हे बघा, काळ्या गाडीची फॅशन जिथून आली तिथे मागे बसणारी बाई जीन्स घालून दोन्हीकडे पाय टाकून बसते. तिथल्या गाडीच्या फोटोत गार्ड नसतं, कारण तिथे पदर नसतो. आपण फोटो बघितला, पदर विसरलो. आपल्या देशातल्या नियम करणाऱ्यांनी मात्र पदर लक्षात ठेवला. सरकारी कागदात असं क्वचित होतं, तेव्हा निदान ह्या एका नियमाला तरी मान द्यावा.

दुसरा भाग आरसे. मोठे गोल क्रोमचे आरसे काढून हँडलच्या टोकाला रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे काळे आरसे बसवतात, त्यात मागचा ट्रक मुंगीएवढा दिसतो. काहीजण तेही बसवत नाहीत. तिसरं मागचा लाल दिवा आणि इंडिकेटर. त्यावर धुरकट काळी फिल्म चिकटवतात. लाल रिफ्लेक्टरही उचकटून टाकतात. मग काळी गाडी, काळं जॅकेट, काळं हेल्मेट (घातलं तर) आणि विझल्यासारखा मागचा दिवा घेऊन हे पोरगं रात्री दहाला बुलढाण्याहून धाडकडे निघतं. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून गेला, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. म्हणजे आमची पोरं टूर करणार ती त्याच जुन्या रस्त्यांवर, जिथे मक्याची, सोयाबीनची ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर चाललेला असतो आणि त्यालाही मागे दिवा नसतो. दोन न दिसणारी वाहनं एकाच अंधारात. २०१७ च्या एप्रिलपासून नवीन दुचाकीचा पुढचा दिवा दिवसासुद्धा सुरू राहील अशी सक्ती केंद्राने केली, म्हणजे दुचाकी समोरच्याला दिसावी म्हणून सरकार धडपडतं, आणि आपण पैसे देऊन ती दिसेनाशी करतो!

चौथा भाग नंबर प्लेट. काळ्या गाडीला पांढरी प्लेट शोभत नाही म्हणून काळ्यावर पिवळ्या नाहीतर रुपेरी अक्षरांत MH लिहायचं खूळ निघालं. भाऊ, काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं ही भाड्याने देऊन गिऱ्हाईकाने स्वतः चालवायच्या गाड्यांची खूण आहे. तुम्ही घरची गाडी भाड्याची करून टाकली. आणि एमएच-२८ लिहिताना २८ चा आकार असा काढतात की तो "राज" वाचायचा की "दादा" हे पोलिसालाही कळू नये. आता हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची झाल्यापासून हे जरा कमी झालं, पण ती प्लेट खिशात आणि फॅन्सी प्लेट गाडीवर असे महाभाग अजून आहेत.

आणि सायलेन्सर. ह्यावर सगळे बोलतात, म्हणून मी थोडक्यात. इंदोरी आणि पंजाब ह्या नावांनी मिळणारे सायलेन्सर काळे केले तरी त्यांचा आवाज काळा होत नाही. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. शाळा, दवाखाना, बाळंतीण, म्हातारे ह्यांच्या दारातून फटाके फोडत जाणाऱ्यांना समजावण्याचं काम मी सोडून दिलं आहे. त्यांच्या आईलाच सांगावं.

आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण नुसतं पोरांना झोडपणं सोपं असतं. गावात ज्येष्ठ मंडळी मला फोन करून म्हणतात, "ह्या काळ्या गाडीवाल्यांवर काहीतरी लिहा हो, गुंडगिरी वाढली." त्यांना मी विचारतो, काळी गाडी म्हणजे गुंड हे कुणी ठरवलं? पोरगा दिवसभर हार्डवेअरच्या दुकानात पोती उचलतो, हप्त्यावर गाडी घेतली, रविवारी चार मित्रांसोबत लोणारला जाऊन आला, त्यात गुंडगिरी कुठे आली? मध्यंतरी रस्त्यावर तपासणी चालू होती तेव्हा मी अर्धा तास उभा राहून बघितलं. काळी बुलेट दिसली की थांबवायची. एका पोराच्या गाडीला सगळं होतं, आरसे होते, गार्ड होतं, तेही काळं केलेलं, सायलेन्सर कंपनीचा. फक्त गाडी काळी. त्यालाच पंधरा मिनिटं उभं ठेवलं. त्याच्या मागून एक साधी शंभर सीसीची गाडी गेली, तिघं बसलेले, मागचं चाक उघडं, मधल्या बाईचा पदर हवेत. तिला कुणी हातही दाखवला नाही. कुठली तपासणी, कुणाची, नाव घेत नाही. पण डोळ्यांनी बघितलं ते लिहितो.

आणि काळ्या रंगाचाच एवढा जाच असेल तर मग चारचाकीकडेही बघा. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ ला गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आरपार गेलाच पाहिजे. आपल्याकडे निवडणूक असो, लग्न असो, उद्घाटन असो, कोणत्या पक्षाच्या ताफ्यातल्या किती गाड्यांच्या काचांतून आतलं माणूस दिसतं, तुम्हीच सांगा. सगळे पक्ष धरून बोलतोय, कुणी एकाने अंगावर ओढून घेऊ नये. पाचशे-हजाराचं चलान भरणारा पोरगा हे बघतो. त्याला तुम्ही कायदा शिकवायला गेलात की तो हसतो, आणि त्याचं हसणं मला चुकीचं म्हणता येत नाही.

मोठ्या शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावर रोडरोलर फिरवतात. फोटो झकास येतो, आम्ही पत्रकार छापतो, लोक टाळ्या वाजवतात. दुसऱ्या दिवशी त्याच शहरातल्या त्याच गल्लीत तोच सायलेन्सर दोरीला टांगून विकायला असतो. रोलर दुकानाच्या दारात का जात नाही? २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, त्यात १८२-अ हे कलम आलं. परवानगीशिवाय गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड. प्रत्येक बदलामागे, हे नीट वाचा. गार्ड, हँडल आणि सायलेन्सर असे तीनच मोजले तरी १५,००० होतात. हे सगळ्यांना माहीत आहे, कारण हे पोरांना दाखवून घाबरवतात. पण त्याच कलमात वरच पोटकलम आहे, नियम मोडून गाडी विकणाऱ्या किंवा तिच्यात बदल करणाऱ्या डीलरला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक गाडीमागे १ लाख रुपये दंड. हे पोटकलम आपल्या भागात कुणाला लागल्याचं मी वीस वर्षांच्या पत्रकारितेत ऐकलं नाही. नवी गाडी शोरूममधून निघतानाच "साहेब, गार्ड काढून देऊ का" असं विचारणारे आहेत की नाहीत, हे ज्यांनी गाडी घेतली त्यांनी कमेंटमध्ये सांगावं.

बदल मुळीच करायचे नाहीत का? ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात सांगून टाकलं की कंपनीने मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येणार नाही. त्यावरून सोशल मीडियावर अशी हवा उठली की स्टिकर लावला तरी गाडी जप्त. तसं नाही. हँडलच्या मुठी काळ्या केल्या, इंजिनच्या कव्हरला पावडर कोटिंग केलं, सीटचं कव्हर बदललं, ह्याने गाडीची रचना बदलत नाही. टाकीचा आणि अंगाचा रंगच बदलला तर आरसी बुकात रंगाची नोंद असते, ती आरटीओकडून बदलून घ्यावी. एक अर्ज आणि फी. एवढं करायला बुलढाण्याला एक चक्कर पडेल, गाडी नाहीतरी फिरवायचीच असते. आणि विमा लक्षात ठेवा. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस येतो तो गाडीचं कौतुक करायला येत नाही. गार्ड नाही, दिवा झाकलेला, सायलेन्सर बदललेला, हे तो आधी लिहून घेतो, आणि दाव्याच्या वेळी तेच कागद तुमच्यासमोर ठेवतो.

गॅरेजवाल्यांशीही दोन शब्द. तुम्ही माझे मित्र आहात, माझी गाडीसुद्धा तुमच्याकडेच येते. क्रोम उतरवायला तुमच्याकडे शिकायला आलेली पोरं उघड्या हातांनी आम्लाच्या बादलीत भाग बुडवतात आणि बादली मागच्या नालीत ओततात. ती नाली पुढे कुणाच्या विहिरीकडे जाते ते बघा. त्या पोरांना हातमोजे घेऊन द्या, शंभर-दीडशेत येतात. आणि ब्रेकच्या चकतीवर रंगाचा फवारा उडू देऊ नका. काळी चकती दोन दिवस छान दिसते, पण ब्रेक पकडत नाही.

आता माझं मागणं. ते एवढंसं आहे की हसाल.

साडीगार्डही काळं करा. बस्स. ते काढून अडगळीत टाकण्याऐवजी बाकीच्या भागांबरोबर त्यालाही भट्टीत घाला. काळं गार्ड काळ्या चाकावर दिसतसुद्धा नाही. गाडीचा लूक तसाच राहील आणि मागे बसलेल्या बाईचा पदर तिच्या खांद्यावर राहील. ज्या तपासणीत त्या पोराला उगाच उभं केलं होतं, त्याच्या गाडीवर असंच गार्ड होतं. त्याला मी विचारलं, हे कुठून करून घेतलंस? तो म्हणाला, "आईनं सांगितलं व्हतं, जाळी काढली तर मी बसणार नाही."

धाड आणि आजूबाजूच्या गावांतल्या गॅरेजवाल्यांनी एवढं ठरवावं की गिऱ्हाईकाने गार्ड काढ म्हटलं तर काढणार नाही, काळं करून देऊ म्हणून सांगू. गिऱ्हाईक दुसऱ्या गॅरेजला जाईल ही भीती खरी आहे, म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवायचं. बसू एकदा, चहा माझ्याकडे. तपासणी करणाऱ्यांनी रंग बघू नये. मागचं चाक, आरसे, मागचा दिवा, प्लेट आणि सायलेन्सर एवढं बघावं, आणि शंभर सीसीच्या गाडीलाही तेच लावावं. शोरूमवाल्यांनी गाडी हवाली करताना गार्डसकटच द्यावी आणि आमच्या वाचकांनी गार्ड नसलेली गाडी ताब्यातच घेऊ नये. आणि आम्हा पत्रकारांनी काळ्या बुलेटच्या ताफ्याचे फोटो छापण्याआधी एकदा मागच्या चाकाकडे बघावं. हे शेवटचं मी स्वतःला सांगतोय.

त्या गॅरेजच्या भिंतीवरची माझी बातमी मी परवा जाऊन उतरवून आणली. गॅरेजवाला आधी चिडला, म्हणाला, "दोन वर्षं झाली, ह्याच्यामुळं गिऱ्हाईक येतं." अक्काचं सांगितलं तेव्हा गप्प झाला. मग स्वतःच आत गेला आणि पोत्यात बांधलेली काढलेली गार्डं घेऊन आला. एकोणीस निघाली. एकोणीस गाड्या, म्हणजे एकोणीस घरं, आपल्याच गावची आणि आसपासची. बहुतेकांवर चिठ्ठी नाही, कुणाचं कोणतं ते आता त्यालाही आठवत नाही. भाच्याचं त्यातच होतं, त्याने बोल्टच्या छिद्राजवळच्या ओरखड्यावरून ओळखलं.

ते पावडर कोटिंगला छत्रपती संभाजीनगरला पाठवलं आहे. उरलेली अठरा त्याच्याकडे आहेत. तुमची बुलेट दोन वर्षांत धाडला काळी झाली असेल तर एकदा मागचं चाक बघा आणि मला इनबॉक्स करा. नाव जाहीर करणार नाही. काळं करायचा निम्मा खर्च गॅरेजवाला सोसायला तयार आहे, निम्मा तुमचा.

अक्काचं प्लास्टर अजून तीन आठवडे आहे. काल फोनवर म्हणाली, "पोराला लई बोलू नको रे, तो बुलेट विकायचं म्हणतोय." मी सांगितलं, विकू नको म्हणावं, गार्ड येतंय.